कोयतीसकट वजन

मला चौकशीची खोड आहे. माहेरी सगळे म्हणायचे, हिला कामातून उठवायचं असेल तर शेजारी कुणाचं तरी वाजलंय एवढंच सांगा. लग्न होऊन रोह्याला आले आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला पेण तालुक्यात अंगणवाड्यांची मुख्यसेविका म्हणून लागले, तेव्हा या खोडीला सरकारनं पगार सुरू केला असं म्हणायला हरकत नाही. वीसेक अंगणवाड्या माझ्याकडे होत्या. तिथं फिरायचं, वह्या तपासायच्या, हजेरीला खरोखर पोरं आहेत का बघायचं, सुकडीची पोती किती उरली ते बघायचं आणि महिन्याच्या शेवटी अहवाल द्यायचा. नवरा धाटावला कंपनीत शिफ्टवर. तीन वर्षांच्या लेकीला शेजारच्या मावशींकडे ठेवून मी सकाळची गाडी पकडायचे. गाडी निडी, नागोठणं करत पेणला पोचेपर्यंत माझ्या मांडीवर कुठल्या ना कुठल्या गावची वही उघडी असायची.

या वह्यांतला माझा आवडता भाग म्हणजे वाढीचे तक्ते. प्रत्येक मुलाचा एक तक्ता. खाली वयाचे महिने, बाजूला किलो, आणि मध्ये तिरपे चढत जाणारे पट्टे. दर महिन्याला सेविकेनं मुलाला काट्यावर जोखायचं आणि वजनाचा ठिपका द्यायचा. ठिपका वरच्या पट्ट्यात पडला तर मूल ठीक. एक पट्टा खाली तर पहिली श्रेणी, आणखी खाली दुसरी, मग तिसरी, चौथी. पहिल्या-दुसऱ्या श्रेणीच्या मुलाला सगळ्यांबरोबरची सुकडी. तिसऱ्या-चौथीच्या मुलाला दुप्पट, शिवाय डॉक्टरकडे चिठ्ठी. म्हणजे सरकारचं लक्ष कुणाकडे जाणार आणि कुणाकडे नाही, हे त्या एका ठिपक्यावर ठरायचं. मला तेव्हा ही व्यवस्था फार हुशार वाटायची. अजूनही वाटते, पण जरा जपून.

खाडीकाठच्या एका गावची वही मात्र मला सतावत होती. त्या गावात तिसऱ्या श्रेणीचं एकही मूल नव्हतं. दोन वर्षं नव्हतं. आमच्या साहेबांनी जिल्ह्याच्या बैठकीत त्या गावाचं उदाहरण दिलं होतं आणि मीही शेजारी ताठ बसून घेतलं होतं. पण गाव माझ्या ओळखीचं होतं. फाट्यावर एसटीतून उतरून बांधावरून पाऊण तास चालत जायचं. खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून घातलेला बांध, पलीकडे खाडी. गावात गोड्या पाण्याची बोंब. घरटी एक-दोन माणसं मिठागरावर कामाला. दिवाळी झाली की निम्मं गाव पोराबाळांसकट आगरावर झोपड्या बांधून राहायला जायचं ते उन्हाळा संपता संपता परत यायचं. अशा गावातली झाडून सगळी पोरं धडधाकट कशी, हे मला कळेना.

त्यातून एक मुलगी माझ्या डोक्यात बसली होती. नुकतंच दुसरं वर्ष संपलेलं. अंगणवाडी समाजमंदिरात भरायची, तिथं दाराच्या चौकटीला धरून ही उभी असायची. बसली की उठायला वेळ लागायचा. केस पिंगट, गाल वरून भरल्यासारखे आणि हातपाय काटक्या. इतर पोरं गाण्यावर हात हलवायची तेव्हा ही नुसती बघायची. तक्त्यात तिचा ठिपका दुसऱ्या श्रेणीत, आणि तोही अगदी खालच्या रेघेला टेकलेला. रेघेच्या खाली असती तर दुप्पट आहार मिळाला असता. मी तीनदा वही उघडून बघितली आणि तीनदा मुलीकडे. दोघींचं जमेना.

सरळ निष्कर्ष असा होता की सेविका घरबसल्या वजनं भरते. हे नवं नव्हतं. दोनेक वर्षांपूर्वी दुसऱ्या एका गावात मी अशी एक पकडली होती. तिनं गावाला गेलेल्या पोरांचीही वजनं लिहिली होती. पण या बाईबद्दल मला तसं म्हणवेना. चाळिशीची, विधवा, दोन मुलगे मुंबईला कामाला, सातवीपर्यंत शिकलेली. अक्षर मोत्यासारखं. वही अशी नीट की तिला पुठ्ठ्याचं कव्हर घालून वर जुन्या कॅलेंडरचा कागद लावलेला. असली माणसं खोटं लिहीत नाहीत असं मुळीच नाही, उलट खोटं नीटनेटकं लिहितात असाही माझा अनुभव होता. म्हणून दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात, वजनाच्या दिवशी, मी न कळवता गेले.

मी पोचले तेव्हा जोखणं चालू होतं. वाशाला काटा टांगलेला, खाली कापडाची झोळी. मी खिडकीशी थांबले. चोर पकडायला आलेल्या माणसाला जो एक घाणेरडा आनंद असतो तो मला झाला होता, हे कबूल करते. सेविकेनं एका पोराला झोळीत घातलं. पोर रडलं. पोराच्या आजीनं पुढं होऊन, फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी पोराच्या पायाशी सरकवलं. सेविका काट्याकडे बघून आकडा बोलली आणि मदतनीस बाईनं तो पाटीवर लिहिला. मग दुसरं पोर. पुन्हा तेच फडकं त्याच्या पायाशी. मी आत गेले.

सगळ्या बायका उठून उभ्या राहिल्या. मी झोळीत हात घातला आणि फडकं सोडलं. आत कोयती होती. लाकडं तोडायची, साधी, जुनी, मुठीला दोरी गुंडाळलेली.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"कोयती, मॅडम," सेविका म्हणाली.

"ती मलाही दिसते. झोळीत कशाला?"

तिला माझा प्रश्नच कळला नाही. ती म्हणाली, "पोर जोखायचा म्हंजे लोखंड नको का सोबत?"

आजी मध्ये पडली. "जोखतात ती इकायची वस्तू, बाय. मासली जोखतात. पोर कोन जोखतं व्हय? जोखलेला पोर सुकतो."

बाळंतिणीच्या उशाशी कोयती ठेवतात हे मला माहीत होतं. माझ्या स्वतःच्या उशाशी सासूबाईंनी अडकित्ता ठेवला होता आणि मी तो निमूट ठेवू दिला होता. पण ती कोयती बाळाबरोबर काट्यावर चढेल, हे काही माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मग सेविकेनं सगळा इतिहास सांगितला, अगदी मोकळेपणानं, कारण लपवण्यासारखं त्यात काही आहे असं तिला वाटतच नव्हतं. अंगणवाडी सुरू झाली तेव्हा एकही आई पोर जोखायला देईना. शेवटी लोखंड जवळ ठेवायच्या अटीवर तयार झाल्या. पहिले काही महिने जी ती आपापली कोयती आणायची. त्यात दोघींच्या कोयत्यांची अदलाबदल झाली आणि असं भांडण पेटलं की आठवडाभर अंगणवाडी बंद. तेव्हा सेविकेनं आपल्या घरची एक कोयती कायमची तिथं आणून ठेवली. तीच ही.

"अहो, पण लिहिताना कोयतीचं वजन वजा करायला नको का?" माझा आवाज चढला होता.

"करायची ना आधी."

"मग बंद का केलंत?"

ती गोंधळून माझ्याकडे बघायला लागली. "तुम्हीच नाय बोललात, मॅडम?"

"मी काय बोलले?"

"पेणला मीटिंगला. काट्यावर दिसेल तोच आकडा वहीत पायजे. मधे आपला डोका चालवायचा नाय. काट्यावर एक आनि वहीत एक दिसला तर घरी बसवीन, असा बोललात. मंग मी काट्यावरचा लिहाया लागली."

मी बोलले होते. शब्दन् शब्द बोलले होते. त्या घरबसल्या वजनं भरणाऱ्या बाईला पकडल्यानंतरची ती मीटिंग होती, मी टेबलावर हात आपटला होता, आणि एवढ्या बायका गप्प ऐकतात म्हणून मला स्वतःचं कौतुक वाटलं होतं. त्या गर्दीत एक बाई अशी होती की जी मनात कोयती वजा करून खरं लिहीत होती. तिनं माझं ऐकलं आणि त्या महिन्यापासून प्रामाणिकपणे चुकीचं लिहायला लागली. मला लाज वाटली. आणि लाजेच्या बरोबरीनं राग आला, कुणावर ते मात्र ठरेना.

मी कोयती एकटीच काट्याला टांगली. काटा अर्ध्या किलोवर थांबला. मग चौकटीला धरून उभ्या असलेल्या त्या मुलीला आणायला सांगितलं. तिची आई मागे उभी होती, पंचविशीची, मिठाच्या पाण्यानं पाय फुटलेली बाई. तिनं मुलीला झोळीत घातलं, कोयतीसकट. सात किलो सहाशे. अर्धा किलो वजा केला. सात किलो शंभर. मी तक्त्यावर बोट ठेवून तो ठिपका खाली आणला, तो सरळ तिसऱ्या श्रेणीत गेला. नुसता टेकला नाही, चांगला आत गेला.

मग तिथंच खाली बसून आम्ही दोघींनी पाटीवरची सगळी वजनं पुन्हा मांडली. मोठ्या पोरांना अर्ध्या किलोचा फारसा फरक पडत नव्हता. लहानांना पडत होता. अर्ध्या तासात ते आदर्श गाव माझ्या डोळ्यांदेखत आठ-दहा पोरांनी खाली आलं. सेविका एकेक ठिपका देत होती आणि मध्येच थांबून म्हणाली, "म्हंजे या पोरांना दुप्पट मिलायला पायजे होता?" मी हो म्हणाले. तिनं पदरानं पेन पुसलं आणि पुढचा तक्ता घेतला.

डॉक्टरची चिठ्ठी देणं माझ्या हातात होतं. ती मी तिथंच लिहिली. दुप्पट आहार साहेबांच्या मंजुरीनं मिळायचा. आणि वेळ थोडा होता. दिवाळी झाली की मुलीचे आईबाप आगरावर जाणार होते. आगर गावापासून दीड तासावर. तिथं अंगणवाडी नाही, सुकडी नाही, डॉक्टर नाही. सुकडी घरी न्यायला द्यायची नाही, पोरानं समोर बसून खायची, असा नियम होता, आणि तो कशासाठी होता तेही मला ठाऊक होतं: घरी गेलेली सुकडी सगळ्या घरात वाटली जाते. म्हणजे मुलगी एकदा आगरावर गेली की पावसाळ्यापर्यंत सरकारच्या हिशेबी ती नव्हतीच. दसरा ते दिवाळी, एवढ्या दिवसांत काहीतरी करायचं होतं.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांसमोर वही ठेवली. आमचे साहेब वाईट नव्हते. रिटायर व्हायला थोडी वर्षं राहिलेला, पोटाच्या तक्रारीचा, सभ्य माणूस. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, "एका महिन्यात इतकी मुलं तिसऱ्या श्रेणीत? जिल्ह्याला काय सांगू?"

"खरं सांगा. आधीची वजनं चुकीची होती."

"म्हणजे दोन वर्षं आपण चुकीचे अहवाल पाठवले असं लिहून देऊ?" त्यांनी चष्मा काढला. "असं करा. एकदम नको. या महिन्यात दोन मुलं उतरवा, पुढच्या महिन्यात तीन. फाल्गुनापर्यंत सगळं जागेवर येईल. कुणाच्या डोळ्यांवर येणार नाही."

"साहेब, मुलगी दिवाळीनंतर आगरावर जाणार."

"मग तिला पहिल्या दोनांत घ्या."

हे ऐकून घटकाभर मी मनातून तयारही झाले, कारण त्यात माझं काम होत होतं. मला हवी ती मुलगी बसत होती. बाकीची सात-आठ पोरं रांगेत उभी राहिली असती, एवढंच. त्या घटकेबद्दल मला अजून बरं वाटत नाही. मग मी म्हणाले की मला सगळी मुलं याच महिन्यात हवीत, आणि आगरावर हंगामापुरती एक छोटी अंगणवाडीही द्या. दुसऱ्या मागणीवर साहेब खरोखर हसले. अंगणवाडी लोकसंख्येवर मिळते, आणि लोकसंख्या कायम राहणारी लागते. आगरावरची माणसं खानेसुमारीत गावात मोजलेली. एकाच माणसाला दोन ठिकाणी कसं मोजणार, हा त्यांचा प्रश्न तसा बिनचूक होता. ती माणसं सहा महिने एकीकडे आणि सहा महिने दुसरीकडे जेवतात, हे मांडायला कुठल्याच नमुन्यात जागा नव्हती. पहिल्या मागणीबद्दल म्हणाले, "लेखी कारण द्या."

मी कारण लिहिलं. वजन करताना लोखंड ठेवण्याची प्रथा, कोयतीचं वजन, सगळं सविस्तर. साहेबांनी वाचून कागद परत दिला. "शासनाला कोयती कळवू? लोक हसतील हो." मी दुसरा कागद लिहिला, कोयती काढून, 'वजन करण्याच्या पद्धतीतील त्रुटी' असं घालून. तोही परत आला. त्रुटी कुणाची, हे त्यात नव्हतं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की कागदाला प्रथा समजत नाही, पद्धत समजत नाही, पण दोषी माणूस लगेच समजतो. आणि तो कागदावर नसेल तर खालून सुरुवात होणार, म्हणजे सेविकेपासून. मी तिसरा कागद लिहिला. मुख्यसेविकेने मासिक बैठकीत दिलेल्या चुकीच्या सूचनेमुळे वजनाच्या नोंदी चुकल्या. खाली सही केली. हा कागद साहेबांनी ठेवून घेतला. मी फार मोठं काही केलं असं कुणी समजू नये. ते वाक्य नुसतं खरं होतं.

कागद वर गेला. आता मंजुरी कधी येईल ते कुणालाच सांगता येईना. दिवाळी तोंडावर आली. मी पुन्हा त्या गावाला गेले, आणि या वेळी मुलीच्या घरी.

आई आगरावर न्यायची भांडी घासत होती. डॉक्टरकडे नेऊन आणलं होतं; जंतांचं औषध, एक टॉनिक, आणि चांगलं खाऊ घाला असा सल्ला. मी तिला म्हटलं, या हंगामाला मुलीला इथंच ठेव. अंगणवाडीत रोज दुप्पट मिळेल. तिनं विचारलं, कधीपासून? मी म्हणाले, लवकरच. घरात सासू नव्हती. नवऱ्याकडचं कुणी माणूसही गावात उरणार नव्हतं. ठेवायची कुणाकडे? सेविका माझ्याबरोबर आली होती. ती म्हणाली, "माझ्याकडं राहील. मना कोन हाय घरात?"

आईनं भांडं खाली ठेवलं. "एवढी बारकी. माझ्याशिवाय कवा राहिली नाय ती."

इथं मी माझं घोडं दामटलं. म्हटलं, मी स्वतः माझ्या लेकीला रोज शेजारणीकडे ठेवून येते, काही होत नाही, सवय लागते. मला माझा युक्तिवाद बिनतोड वाटला होता.

ती शांतपणे म्हणाली, "तुम्ही सांजच्याला परत जाताव, बाय."

मी तक्ता काढला. ती शाळेत गेलेली नव्हती. मी तिला पट्टे दाखवले, पोरीचा ठिपका कुठं आहे आणि कुठं यायला हवा ते बोटानं दाखवलं. ती बराच वेळ बघत राहिली. तिनं विचारलं की हा शेवटचा पट्टा, त्याच्याही खाली काय आहे. मी सांगितलं, खाली काही नाही. तिनं मान हलवली, पुन्हा भांडी घासायला घेतली, आणि माझ्याकडे न बघता सेविकेला म्हणाली, "रात्री ती माझा पदर धरून झोपती. एक जुना लुगडा देऊन जाते."

भाऊबीज झाल्यावर ते गेले. मी त्या दिवशी तिथं नव्हते. सेविकेनं नंतर सांगितलं की मुलगी झोपलेली असताना आई गेली, आणि उठल्यावर मुलगी रडली नाही; चौकटीला धरून बांधाकडे बघत उभी राहिली, तीन दिवस तेच.

मंजुरी आली ती डिसेंबर संपता संपता. तोपर्यंत दुप्पट आहार म्हणजे सेविकेच्या घरची चूल होती. नाचणीची पेज, भात, खाडीतली बारकी मासळी काटे काढून, कधी अंडं. मी विचारलं तर म्हणायची, आपल्या दोन घासांत एक घास. मी रोह्याहून जाताना शेंगदाणे, गूळ असं काहीबाही न्यायचे. सरकारी योजना त्या काळात आम्ही दोघींनी पिशवीतून चालवली. हे मी अहवालात लिहिलं नाही, आणि मधे आपलं डोकं चालवायचं नाही हा माझाच नियम मी कसा मोडतेय याची मला थोडी मजाही वाटली. वहीत मात्र मी पेन्सिलीनं एक रकाना आखून दिला होता: लोखंडासह, लोखंडाशिवाय. तपासणीला आलेल्या एका अधिकाऱ्यानं विचारलं की हा रकाना कुठल्या परिपत्रकात आहे. मी म्हणाले, या गावच्या. ते पुढं गेले.

मंजुरीच्या पाठोपाठ माझ्या नावचा मेमो आला आणि जानेवारीअखेर बदलीचा हुकूम. शिक्षा म्हणून मला पेणहून हलवून रोहा तालुक्यात टाकलं होतं. माझं घर रोह्यात आहे, हे वरच्या कचेरीत कुणी बघितलं नसावं. खांब, कोलाड भागातल्या अंगणवाड्या घरापासून अर्ध्या तासावर आणि संध्याकाळी उजेड असताना घरी. साहेबांनी गंभीर चेहऱ्यानं हुकूम दिला, मीही गंभीर चेहऱ्यानं घेतला.

जायच्या आधी मी त्या गावचं एक वजन करून जायचं ठरवलं. संक्रांत होऊन गेली होती. वजनाचा दिवस कधी ते सेविकेनं आगरावर निरोप पाठवून कळवलं होतं, म्हणून मुलीची आई आली होती. हंगाम ऐन भरात, एका दिवसाची सुटी मिळणं मुश्कील. पहाटेच निघून बांधानं चालत आली होती आणि दुपारच्या आत परत जायचं होतं. पायांना मिठाची पांढरी पुटं. ती समाजमंदिराच्या एका खांबाला टेकून बसली.

मुलगी आत इतर पोरांत होती. ती चालत होती. नुसती चालत नव्हती, एका पोराच्या हातातलं खेळणं ओढून घेऊन पळाली. मी तिला पोरांच्या घोळक्यात हेरलं ते केसांवरून, आणि तेही आता काळे धरायला लागले होते. सेविकेनं तिला झोळीत घातलं, पायाशी कोयती ठेवली. तिनं पाय झाडले, काटा हलायचा थांबेना. शेवटी थांबला. मी वजा करून आकडा काढला. आठ किलो तीनशे. ठिपका दुसऱ्या श्रेणीत गेला आणि या वेळी तो खराच तिथं होता. मला इतका आनंद झाला की मी मदतनीस बाईचा हात दाबला.

सेविकेनं मुलीला झोळीतून काढून खाली उभं केलं आणि म्हणाली, "जा, बघ कोन आली. आय आली तुझी."

आईनं हात पुढं केले. मुलगी बघत राहिली. मग तिनं वळून सेविकेचा पदर दोन्ही हातांनी धरला आणि तोंड त्यात खुपसलं. सेविका घाबरली. तिनं पदर सोडवायचा प्रयत्न केला, मुलीला पुढं ढकललं, "अगो, आय ना ती, जा," असं दोन-तीनदा म्हणाली. मुलगी रडायला लागली आणि पदर सोडेना.

"राहूं दे गो," आई म्हणाली. तिनं पुढं केलेले हात मांडीवर घेतले. "जड झालीय. मना उचलवली पन नसती."

मग तिनं मला विचारलं, "किती भरली, बाय?"

मी सांगितलं, आठ किलो तीनशे.

तिनं तो आकडा माझ्यामागून म्हटला. आठ किलो तीनशे. नवरा विचारणार होता, विसरून चालणार नव्हतं. उठून तिनं लांबूनच लेकीकडे एकदा बघितलं, आणि ओठांतल्या ओठांत तो आकडा म्हणत ती बांधाला लागली.